जुन्या युरोपीय नाण्यांवरच्या टांकसाळी चुका आणि ओव्हरस्ट्राइक: तपासणीचा नेमका क्रम

नाण्यावर एखादे अक्षर दुहेरी दिसले की लगेच ‘एरर कॉइन’ म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय संग्राहकांत फार पसरली आहे. नाव आधी ठरते आणि पाहणी नंतर होते. मग टांकसाळीत मुद्दाम मारलेल्या कानशीच्या रेघा ‘दुर्मीळ चूक’ म्हणून विकल्या जातात, आणि खरोखर दुसऱ्या नाण्यावर पाडलेले नाणे ‘ठसा नीट उठलेला नाही’ म्हणून मोडीच्या भावात जाते. या दुसऱ्या प्रकाराचे जास्त वाईट वाटते. धातूच्या एकाच तुकड्यावर दोन राजवटींची नोंद असते आणि ती वाचायची राहून जाते.

खालचा क्रम साधारण १६०० ते १९०० या काळातल्या युरोपीय नाण्यांसाठी आहे. टप्पे गाळू नका आणि त्यांची अदलाबदलही करू नका. पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्या उत्तरावर उभा आहे.

आधी शब्द नीट लावून घ्या

‘किनार’ म्हणजे नाण्याच्या तोंडावरची गोल उंच कड. ‘काठ’ म्हणजे जाडीची बाजू, जिथे खाचा किंवा अक्षरे असतात. ‘चकती’ म्हणजे ठसा बसण्यापूर्वीचा कोरा गोल तुकडा. ‘डाय’ म्हणजे उलट कोरलेला पोलादी साचा.

‘ओव्हरस्ट्राइक’ म्हणजे आधीच पाडलेले नाणे न वितळवता त्यावर नव्या डायनी पुन्हा ठसा मारणे. हे बहुतेक वेळा सरकारी हुकमाने, हजारोंच्या संख्येने झालेले काम असते. ती चूक नव्हे, त्यामुळे प्रत्येक ओव्हरस्ट्राइक दुर्मीळ असतो असेही नाही. चौदाव्या लुईच्या काळात १६८९, १६९३, १७०१ आणि १७०४ अशा चार वेळा फ्रान्समध्ये जुनी नाणी गोळा करून त्यावरच नवे ठसे मारले गेले. त्या मालिकांत खालचे नाणे डोकावणे ही नेहमीची गोष्ट आहे.

‘रीस्ट्राइक’ हा वेगळा प्रकार आहे. जुन्याच नमुन्याचे नाणे पुढे कधीतरी नव्या चकतीवर पुन्हा पाडणे, एवढाच त्याचा अर्थ. १७८० साल असलेला, ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा थालर (चांदीचे मोठे नाणे) हे त्याचे ठळक उदाहरण. तो १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. तो ओव्हरस्ट्राइक म्हणून विकायला आला तर घेऊ नका.

टप्पा १: तयारी

नाणे धुऊ नका. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर, दातांची पेस्ट यांतले काहीही लावू नका. खालच्या नाण्याच्या खुणा बऱ्याचदा केसाएवढ्या उंचीच्या असतात आणि एका घासण्यात जातात. शिवाय उंचवट्याच्या कडेला साचलेला जुना काळपटपणाच ती रेघ दाखवत असतो. तो गेला की रेघ असूनही दिसत नाही.

लागणारे साहित्य थोडे आहे:

- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा
- व्हर्नियर कॅलिपर, शक्यतो प्लास्टिकच्या जबड्यांचा
- दहा पट मोठे दाखवणारे सराफी भिंग
- हलवता येणारा एकच दिवा किंवा टॉर्च
- मऊ कापड, पेन्सिल आणि घड्याळासारखे बारा भाग पाडलेले कागदी वर्तुळ

दिवा डोक्यावर नको. नाणे टेबलावर ठेवा आणि प्रकाश जवळजवळ आडवा, टेबलाला समांतर येऊ द्या. खोलीतला बाकी उजेड घालवा. मग दिवा स्थिर ठेवून नाणे हळूहळू पूर्ण फिरवा. एका दिशेने दिसणारी रेघ दुसऱ्या दिशेने पूर्ण नाहीशी होते, म्हणून एकाच कोनातल्या फोटोवरून निर्णय देणे चूक आहे.

*तपासा: आडव्या उजेडात उंचवटा आणि खड्डा यांचा डोळ्याला गोंधळ होतो. सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडली तर उंचवटा, दिव्याच्या बाजूला पडली तर खड्डा. राजाच्या नाकावर हे आधी पडताळून मगच अनोळखी खुणेकडे वळा.*

टप्पा २: नाणे कोणत्या पद्धतीने पाडले?

सर्वाधिक चुका हा टप्पा गाळल्यामुळे होतात. एका यंत्रावर जी रोजची गोष्ट, ती दुसऱ्या यंत्रावर अपघात असते.

*हातोडा.* खालची डाय ठोकळ्यात पक्की, वरची हातात धरलेली. चकती ओबडधोबड, ठसा एका बाजूला सरकलेला, लेखातली दोन-चार अक्षरे गायब, मध्येच सपाट डाग, दोन बाजूंच्या चित्रांचा एकमेकांशी कोन काहीही. हे सगळे नेहमीचे. इंग्लंडमध्ये १६६२ पासून यंत्राची नाणी कायमची झाली, फ्रान्समध्ये हा बदल १६४० च्या दशकात झाला. पहिल्या चार्ल्सचा हातोड्याने पाडलेला शिलिंग एक अष्टमांश सरकलेला असेल तर तो ‘ऑफ सेंटर एरर’ नाही. ते त्या काळचे साधे नाणे आहे.

*रूळ.* टायरॉलमधले हॉल आणि स्पेनमधले सेगोव्हिया ही याची मोठी ठिकाणे. कोरलेल्या दोन रुळांमधून धातूची पट्टी जायची आणि नंतर नाणी कापली जायची. म्हणून ती किंचित वाकलेली आणि किंचित लंबगोल असतात. वाकलेले नाणे सपाट करायला जाऊ नका, चिरेल.

*स्क्रू प्रेस.* मळसूत्र फिरवून डाय दाबणारे यंत्र. सतराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि जवळजवळ सगळे अठरावे शतक. इथे काठावरची अक्षरे किंवा नक्षी बहुधा ठशाच्या आधी, वेगळ्या यंत्रावर उमटवत. त्यामुळे काठावरच्या लेखाची सुरुवात आणि शेवट एकमेकांवर चढलेले दिसतात. ही चूक मानू नये.

*वाफेचा प्रेस आणि कॉलर.* बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टनने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मोठ्या प्रमाणावर केले; लंडनची शाही टांकसाळ १८१० च्या सुमारास टॉवर हिलला गेली तेव्हा तिथेही वाफेचे प्रेस आले. कॉलर म्हणजे ठशाच्या वेळी चकतीभोवती असलेले पोलादी कडे. त्यामुळे नाणे एकसारखे गोल होते. अशा नाण्यावर ठसा ठळकपणे सरकलेला असेल, तर मात्र तो खरा अपघात.

*थांबा: पद्धत ठरली नसेल तर पुढे जाऊ नका. साल, देश आणि मूल्य एवढ्यावरून कोणत्याही चांगल्या कॅटलॉगात ती सापडते.*

टप्पा ३: वजन, व्यास, काठ

तीन वेळा वजन करा आणि कॅटलॉगातल्या प्रमाण वजनाशी ताडा. मोठी सोन्या-चांदीची नाणी एकेक तोलून सारखी केली जात. तांब्याच्या नाण्यांत ‘एवढ्या वजनाच्या तांब्यातून इतकी नाणी’ असा हिशेब असे, म्हणून एकेका नाण्याचे वजन बरेच मागेपुढे होते. तांब्याचे नाणे दहा टक्के हलके निघाले म्हणून ‘चुकीची चकती’ असा निष्कर्ष काढू नका. चांदीच्या मोठ्या नाण्यात तेवढा फरक असेल तर कारण शोधलेच पाहिजे.

वजन कमी असण्याला झीज, कातरणे, घासणे अशी शंभर कारणे असतात. वजन प्रमाणापेक्षा स्पष्ट जास्त असणे जास्त बोलके आहे. नाणे झिजून जड होत नाही. अशा वेळी चकती दुसऱ्याच मूल्याची किंवा दुसऱ्याच देशाच्या नाण्याची असू शकते.

मग काठ. पूर्ण फिरवून पाहा. जुन्या नक्षीचे तुकडे, दोन वेगळ्या नक्षींची सरमिसळ, मध्येच सपाट झालेला भाग हे ओव्हरस्ट्राइकचे चांगले पुरावे आहेत. काठावर डाग दिल्याचा (सोल्डरचा) ठिपका किंवा कानशीने सपाट केलेली जागा दिसली, तर बहुधा ते नाणे कधीतरी दागिन्यात होते. आपल्याकडच्या जुन्या घरांतून निघणाऱ्या युरोपीय नाण्यांत हे फार सापडते.

याच टप्प्यावर कानशीच्या रेघांचा निकाल लावा. सतराव्या-अठराव्या शतकात जड चकती कानशीने घासून वजनाला आणत आणि मगच ठसा मारत. त्या समांतर रेघा नाण्याच्या सर्वात उंच भागावर, राजाच्या गालावर किंवा ढालीच्या मध्यावर उरतात. मोकळ्या जागेत त्या दबून जातात. पुढे कोणी ओरखडे काढले असतील तर ते उंच भागावरून मोकळ्या जागेत न थांबता जातात.

टप्पा ४: खूण चकतीतली, डायमधली की ठशातली?

आता प्रत्येक संशयास्पद खुणेला एकच प्रश्न विचारा: ही कुठे जन्मली?

चकतीतली चूक म्हणजे सुटलेला पापुद्रा, कडेची चीर, पट्टीच्या टोकावरून कापल्यामुळे सरळ राहिलेली एक बाजू, किंवा पट्टीतल्या शेजारच्या भोकावर चकती कापणारा पंच पडल्याने चंद्रकोरीसारखा गेलेला तुकडा. चंद्रकोरीबाबत एक चाचणी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या, किनार आधी उचलून कॉलरमध्ये पाडलेल्या नाण्यात तुटीच्या बरोबर समोरची किनार कमकुवत उठते. संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. जुन्या स्क्रू प्रेसच्या नाण्यावर तो दिसलाच पाहिजे असा आग्रह धरू नका. हातोड्याच्या चांदीच्या नाण्यात तर तुकडा गेला असेल तर आधी लोकांनी चांदीसाठी कातरल्याचाच संशय घ्या. कातरलेल्या कडेला ताजा, तिरका काप दिसतो आणि अक्षरे अर्धी चिरलेली असतात.

डायमधली खूण जवळजवळ नेहमी उंच असते. डायला तडा गेला की त्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच, नागमोडी रेघ येते. किनारीजवळचा डायचा तुकडाच पडला तर तिथे निराकार गोळा तयार होतो. नाण्यावर खोल गेलेली रेघ मात्र बहुतेक वेळा नंतरचा ओरखडाच असतो.

ठशातली चूक त्या एका नाण्यापुरती असते.

यातून सर्वात उपयोगी चाचणी मिळते. त्याच साला-प्रकाराच्या दुसऱ्या नाण्याचे किंवा लिलावातल्या फोटोंचे निरीक्षण करा. खूण अगदी त्याच जागी, त्याच आकारात पुन्हा दिसली, तर ती डायमधली. जागा बदलली किंवा कुठेच दिसली नाही, तर चकतीतली किंवा ठशातली. खालच्या नाण्याची खूण प्रत्येक नाण्यावर वेगळ्या कोनात पडते, कारण जुनी नाणी प्रेसमध्ये हाताला येतील तशी ठेवली जात.

*सावधान: दोन ओव्हरस्ट्राइक नाण्यांवर खालच्या नाण्याच्या खुणा तंतोतंत एकाच जागी असतील तर आनंद मानू नका. दोन्ही एकाच खऱ्या नाण्यावरून ओतलेल्या नकला असण्याची शक्यता मोठी आहे.*

टप्पा ५: दुहेरी अक्षरे सोडवणे

‘दुहेरी दिसते’ या एका वाक्याखाली चार वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली: एखादेच अक्षर किंवा एकच आकडा दुहेरी, बाकी सगळे स्वच्छ. जुन्या डायमध्ये अक्षरे एकेक पंच (टोकाला अक्षर असलेली पोलादी कांडी) ठोकून बसवत. पंच चुकीचा बसला, की त्यावरच दुसरा ठोकत. सालाचा शेवटचा आकडा असा बदलला तर त्याला ओव्हरडेट म्हणतात. व्हिक्टोरियाच्या १८५८ च्या पेनीवर आठाखाली सात दिसणारा प्रकार प्रसिद्ध आहे. हे सगळे डायमधले आहे. ओव्हरडेटला ओव्हरस्ट्राइक म्हणण्याची चूक मी विक्रेत्यांच्या पाकिटांवर सर्रास पाहतो. ओव्हरडेटमध्ये पोलाद दोनदा ठोकले जाते, ओव्हरस्ट्राइकमध्ये नाणे.

दुसरी: एका बाजूचा बराच मजकूर एकाच दिशेला सरकलेला, आणि सरकलेला भाग पायरीसारखा सपाट, बुटका. ठसा बसताना डाय किंचित घसरल्याची ही खूण आहे. याला फारशी किंमत नाही.

तिसरी: पूर्ण चित्र दोनदा, दोन्ही बाजूंवर, एकाच कोनाने फिरलेले. हा खरा डबल स्ट्राइक. पहिला ठसा दुसऱ्याने चेपलेला असतो. नाणे दोन ठशांच्या मध्ये पालथे झाले असेल तर राजाच्या डोक्याखाली मागच्या बाजूची ढाल दिसते, आणि नेमक्या याच नाण्याला लोक ओव्हरस्ट्राइक समजतात. पडताळणी सोपी आहे. खाली दिसणारा प्रत्येक तुकडा याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूवर सापडतो का? सापडत असेल तर तो ओव्हरस्ट्राइक नाही.

चौथी: खाली दिसणारी अक्षरे या नाण्याच्या कोणत्याच बाजूवर नाहीत. हे नाणे बाजूला ठेवा, टप्पा ७ त्याच्यासाठी आहे.

लेखातल्या चुका वेगळ्या पाहा. तिसऱ्या विल्यमच्या नाण्यांवर ‘व्ही’च्या जागी उलटे ‘ए’ ठोकलेले सापडते. १८७८ च्या एका सहा पेनी नाण्यावर ‘ब्रिटानिआर’ऐवजी ‘ड्रिटानिआर’ आहे. १८६० च्या पेनीवर ‘वन’ या इंग्रजी शब्दातल्या ‘ई’ची खालची रेघ गेल्यामुळे ते ‘एफ’ दिसते. मात्र अक्षराचा भाग झिजेनेही जातो आणि डायमध्ये मळ भरल्यानेही. शेजारची अक्षरे तीक्ष्ण असतील आणि हेच एक अपुरे असेल, तरच पुढे शोध घ्या.

टप्पा ६: उलटी अक्षरे

फिकट अक्षरे आरशातल्यासारखी उलटी वाचली जातात की सुलट, हे नेहमी पाहा. पाच सेकंदांची तपासणी आहे आणि अर्धे गैरसमज तिथेच मिटतात.

उलटी आणि फिकट, फक्त बाह्यरेषेसारखी, आणि विरुद्ध बाजूच्या चित्राशी जुळणारी असतील तर तो डाय क्लॅश. मध्ये चकती नसताना दोन डाय एकमेकींवर आपटल्या. ही डायमधली खूण असल्याने ती पुढच्या अनेक नाण्यांवर येते.

उलटी, खोल गेलेली आणि दुसऱ्या बाजूचेच पूर्ण चित्र असेल तर ब्रोकेज. आधीचे नाणे डायला चिकटून राहिले आणि त्यानेच डायचे काम केले. हातोड्याच्या नाण्यांत ब्रोकेज बरेच मिळतात, कॉलरच्या काळात कमी.

*सावधान: दोन नाणी एकमेकांवर ठेवून वाइसमध्ये (शिकंज्यात) आवळली की उलटे खोल ठसे तयार करता येतात. अशा बनावट नाण्यावर त्या बाजूचे मूळ चित्र चेपलेल्या अवस्थेत उरते. पूर्ण ब्रोकेजमध्ये त्या बाजूला मूळ चित्राचा मागमूसही नसतो.*

पाचव्या जॉर्जच्या पेन्यांवर ब्रिटानियाच्या (ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) बाजूला राजाच्या डोक्याची पुसट सावली दिसते. समोरच्या खोल डायकडे धातू ओढला गेल्याचा तो परिणाम आहे. ना क्लॅश, ना ओव्हरस्ट्राइक.

टप्पा ७: ओव्हरस्ट्राइक वाचणे

इथे घाई करू नका. एका नाण्याला एक संध्याकाळ लागली तरी ती सार्थकी लागते.

७.१ कुठे पाहायचे. डायचा सपाट भाग धातूला सर्वात जोरात दाबतो, म्हणून मोकळ्या जागेतल्या जुन्या खुणा आधी पुसल्या जातात. डायच्या खोलगट भागात, म्हणजे नव्या नाण्याच्या उंचवट्यांवर, त्या टिकतात: राजाचा गाल, केस, ब्रिटानियाची वस्त्रे, गरुडाची छाती. दुसरी जागा किनारीलगतची, जिथे ठशाचा जोर कमी पडतो. आधी या दोन जागा, मग बाकी.

७.२ वर काय, खाली काय. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे भिंग धरा. अखंड जाणारी रेघ वरच्या, नव्या ठशाची. तुटलेली, चेपलेली रेघ खालची.

७.३ नोंद. प्रत्येक तुकडा बारा भागांच्या वर्तुळावर काढा: ‘पुढची बाजू, चार वाजता, किनारीपासून दोन मिलिमीटर, गोल अक्षराचा वरचा भाग’. या पायरीला अक्षराचे नाव लिहू नका, दिसेल तो आकार लिहा. नाव लिहिले की डोळा तेच पाहायला लागतो.

७.४ जुळवणी. त्या काळात, त्या देशात खाली असू शकणाऱ्या नाण्यांची छोटी यादी करा. त्यांचे फोटो प्रत्यक्ष आकारात आणून मोबाइलवर अर्धपारदर्शक थरासारखे तुमच्या नाण्याच्या फोटोवर ठेवा आणि फिरवा. एक अक्षर जुळणे हा पुरावा नाही. किमान तीन जागा एकाच वेळी जुळल्या पाहिजेत, अक्षरांमधले अंतर जमले पाहिजे आणि सगळ्या अक्षरांचे पाय एकाच केंद्राकडे असले पाहिजेत.

७.५ दोन्ही बाजूंचा मेळ. खालच्या नाण्याची पुढची बाजू किती फिरली आहे हे कळले, की मागची कुठे असायला हवी याचा अंदाज बांधता येतो. तिथे ती सापडली तर तुमचा निष्कर्ष भक्कम. खालच्या नाण्याचे डोके नव्या नाण्याच्या मागच्या बाजूखालीही असू शकते हे विसरू नका.

आता तीन खरी उदाहरणे घेऊ.

*बँक ऑफ इंग्लंडचा १८०४ चा डॉलर.* चांदीच्या टंचाईत स्पॅनिश अमेरिकेतले आठ रेआलचे नाणे घेऊन सोहोमध्ये बोल्टनच्या प्रेसवर त्यावर तिसऱ्या जॉर्जचा आणि ब्रिटानियाचा ठसा मारला. खालच्या नाण्याचे प्रमाण वजन सुमारे २७.०७ ग्रॅम. शोधायचे ते चौथ्या कार्लोसच्या ‘कारोलस’ या नावाची अक्षरे, त्याच्या चेहऱ्याची बाह्यरेषा, जुने साल, आणि मागच्या बाजूच्या लेखाच्या शेवटी असलेले टांकसाळचिन्ह व ‘८ आर’. मेक्सिकोचे चिन्ह म्हणजे ‘एम’वर छोटा ‘ओ’. पोटोसीचे चिन्ह गुंफलेल्या अक्षरांचे. साल आणि टांकसाळ दोन्ही वाचता आली तर त्या नाण्याला मागणी जास्त. सोहोचा ठसा जोरकस असल्याने पुष्कळ डॉलरांवर खालचे जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून केवळ खुणा नाहीत यावरून नाणे बनावट ठरवू नका. १७९७ मध्ये अशाच स्पॅनिश नाण्यांवर जॉर्जच्या डोक्याचा लहान लंबगोल ठसा मारला, तो काउंटरमार्क. पूर्ण नाणे झाकले जात नसल्याने त्याला ओव्हरस्ट्राइक म्हणत नाहीत.

*आयर्लंडचा गन मनी क्राउन, १६९०.* पदच्युत झालेल्या दुसऱ्या जेम्सने जुन्या तोफा, घंटा वगैरेंचा धातू वापरून लढाईसाठी नाणी पाडली. १६९० मध्ये मोठ्या आकाराच्या अर्ध्या क्राउनवरच क्राउनचा ठसा मारला गेला. वर घोड्यावर बसलेला राजा आणि चार ढालींचा क्रूस. खाली शोधा अर्ध्या क्राउनवरचे तीन रोमन दहा, म्हणजे तीस पेन्स, आणि महिन्याचे नाव. या मालिकेत महिनाही छापत. घोड्याच्या अंगावर केसांच्या बटांसारख्या लाटा दिसल्या तर ते खालच्या राजाचे केस असतात. लोक त्यांना घोड्याची आयाळ समजून सोडून देतात.

*रशियाचा पाच कोपेक.* हा अवघड, पण सर्वात शिकवणारा. तिसऱ्या पीटरने १७६२ मध्ये तांब्याचे मूल्य दुप्पट केले: एका पूड (जुने रशियन वजन) तांब्यातून १६ ऐवजी ३२ रूबलची नाणी. त्यामुळे सुमारे ५१ ग्रॅमचे नाणे पाचऐवजी दहा कोपेकचे झाले. दुसऱ्या कॅथरीनने सत्तेवर येताच जुने प्रमाण परत आणले आणि त्या दहा कोपेकांवर पाच कोपेकचा ठसा मारला. तिच्या नाण्यावर एका बाजूला दुतोंडी गरुड, दुसऱ्या बाजूला मुकुटाखालची आद्याक्षरे. गरुडाच्या पंखांत भाल्यांची टोके, निशाणे किंवा ढोल दिसले तर ते १७६२ चे दहा कोपेक.

पण १७९६ मध्ये कॅथरीनच्याच सरकारने पुन्हा पाचाचे दहा करायला घेतले, आणि तिच्या मृत्यूनंतर पॉलने ते उलटवून दहाचे पुन्हा पाच केले. हे करताना कॅथरीनच्या काळची, मागची साले असलेल्या डाय वापरल्या गेल्या. म्हणून वर १७९३ आणि खाली १७९६ असे नाणे मिळू शकते. ‘खालचे नाणे वरच्या सालापेक्षा जुने असलेच पाहिजे’ हा नियम एरवी बरोबर आहे, इथे मात्र तो मोडतो. खाली मोठी मुकुटधारी आद्याक्षरे आणि १७९६ चे आकडे दिसले तर नाणे नकली म्हणून फेकू नका.

*तपासा: खालचे नाणे ठरले की वजनाकडे परत या. नवे नाणे खालच्या नाण्याच्या प्रमाण वजनापेक्षा स्पष्ट जड असेल तर जुळवणी चुकली आहे.*

टप्पा ८: नंतरची इजा आणि नकला

ओतीव नकलेचा पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत, बारीक खड्ड्यांचा आणि काठावर जोडाची रेघ असलेला असतो. चांदीसाठी सापेक्ष घनता काढा. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून शून्य करा, नाणे दोऱ्याने तळाला न लावता पूर्ण बुडवा आणि आकडा वाचा. कोरड्या नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागा. नव्वद टक्क्यांच्या आसपासच्या चांदीला उत्तर सुमारे १०.३ येते. आठ-नऊच्या घरात आले तर नाणे चांदीचे नाही. नंतर नाणे टिपून घ्या, पुसू नका.

बंदरांतून भारतात आलेल्या नाण्यांवर सराफांनी परीक्षेसाठी मारलेले छोटे ठसे असतात. ते नाण्याच्या प्रवासाचा पुरावा आहेत, टांकसाळीशी त्यांचा संबंध नाही. तसेच पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळीचे. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटची भारतात दागिन्यांसाठी भरपूर नक्कल झाली आणि नक्कल करणाऱ्यांना लॅटिन लेख वाचता येत नसल्याने तो विस्कटला. अक्षरे अर्थहीन असतील तर ती व्हेनिसच्या टांकसाळीची चूक समजू नका.

टप्पा ९: नोंद आणि पुढची पाठवणी

पाकिटावर या क्रमाने लिहा: देश, मूल्य, साल, पाडण्याची पद्धत, वजन, व्यास, खूण कुठली (चकती, डाय, ठसा), ओव्हरस्ट्राइक असेल तर खालचे नाणे, आणि ते कोणत्या तीन खुणांवरून ठरवले. खालचे नाणे फक्त देशापर्यंतच ठरत असेल तर तेवढेच लिहा. ‘बहुधा मेक्सिको, साल अवाचनीय’ ही प्रामाणिक नोंद पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते, ‘दुर्मीळ एरर’ पडत नाही. आडव्या उजेडातले किमान चार दिशांचे फोटो जोडून ठेवा.

ग्रेडिंगसाठी, म्हणजे दर्जा ठरवून घेण्यासाठी, नाणे परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर आधी कायदा पाहा. पुरातन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे येते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. या लेखातली जवळजवळ सगळी नाणी त्या मर्यादेत बसतात, म्हणून मत हवे असेल तर वजन, मोजमापे आणि फोटो पाठवा; नाणे घरीच राहू द्या.